घर क्रमांक एक्केचाळीस: तपासले

दिनांक १४ जून २००५, मंगळवार, सकाळचे साडेदहा. स्थळ: हिंजवडी, फेज वन, आमची दोन खोल्यांची कंपनी. हजर: निखिल (मालक), तुषार (प्रोग्रामर), साळवे सर (खेळाचे कर्ते, पौडहून एसटीने), मी (तपासणी, पत्रव्यवहार आणि चहा-साखरेची यादी). गैरहजर: खेळाचा मूळ कोड.

माझ्या वहीत ही नोंद अशीच आहे. मी नोंदी ठेवते. वाण्याच्या यादीला अनुक्रमांक घालते आणि सामान आल्यावर एकेका ओळीपुढे खूण करते. घरचे हसतात, पण याच सवयीवर मी नोकऱ्या केल्या. आधी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पेट्या तपासल्या, मग परभणीहून इकडे येऊन कॉम्प्युटरचे खेळ तपासले. औषधांत माझ्या हातून काही सुटल्याचं ऐकिवात नाही. खेळांत सुटलं, आणि ते माझ्याच सुवाच्य अक्षरात, तारखेसकट सुटलं.

आधी धंदा सांगते. "म्हणजे तुम्ही गेम बनवता?" असं लोक विचारायचे. नाही. ते दुसऱ्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच बनवलेले असायचे. आम्ही फक्त जुने कोड्यांचे खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून पुन्हा बाजारात आणायचो. पायाने चालवायच्या शिवणयंत्राला मोटार बसवून देतात, तसं. यंत्र तेच, टाका तोच. टाका बिघडला तर मात्र दोष मोटार बसवणाऱ्याचा.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. जुन्या काळी प्रोग्रामरला खेळ क्षणभर थांबवायचा असेल तर तो मशीनला नुसते आकडे मोजायला लावी. मोजून होईपर्यंत तेवढा वेळ जाई. नवी मशीन इतकी वेगवान की मोजणी सुरू व्हायच्या आत संपलेली. एका परदेशी खेळात नळाखालची बादली भरायच्या आत कोडं सोडवायचं होतं. आमच्याकडे तो पहिल्यांदा लावला तेव्हा पडद्यावर चित्र उमटलं तेच बादली वाहताना. दुसऱ्या एका खेळाला नकलांची भीती होती, म्हणून तो सुरू करताना विचारी, "पुस्तिकेच्या नवव्या पानावरचा तिसरा शब्द सांगा." पुस्तिका उंदरांनी खाल्लेली. तुषारने दोन दिवस खपून तो प्रश्नच काढून टाकला.

गिऱ्हाइकंही तशीच. सांगलीच्या एका गृहस्थांनी तक्रार केली की नवा खेळ अवघड झाला आहे. बऱ्याच पत्रापत्रीनंतर उलगडा झाला. जुन्या मशीनवर उत्तर बरोबर असलं की पुढचा भाग वाचायला फ्लॉपीचा ड्राइव्ह एंटर दाबण्याआधीच घरघरायचा. हे गृहस्थ उत्तर टाकून ड्राइव्हला कान लावत. घरघर आली तर पुढे, नाही तर एंटर दाबायच्या आत उत्तर बदलायचं. "ती घरघर परत घालता येईल का?" असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं. निखिलला ही कल्पना फार आवडली. मी यादीत लिहिली आणि खोडली.

आता साळवे सर. पौडला राहणारे, आयटीआयमधून निवृत्त झालेले वायरमनच्या वर्गाचे शिक्षक. नव्वदच्या दशकात त्यांच्या संस्थेत एक कॉम्प्युटर आला आणि कोणी हात लावेना, तेव्हा यांनी पुस्तकावरून प्रोग्रामिंग शिकून मुलांसाठी खेळ लिहिला. नाव 'उजेड'. खेळात चौसष्ट घरं. प्रत्येक घरात एक मीटर, एक फ्यूज, काही दिवे आणि मोजून दिलेली तार. तेवढ्या तारेत वायरिंग करायचं, सगळं चालू झालं पाहिजे, फ्यूज उडता कामा नये. पुढे पंखे येतात, जिन्यातली दोन्हीकडून चालणारी बटणं येतात, आणि एक्केचाळीसाव्या घरापासून पाण्याची मोटार. या खेळाच्या फ्लॉप्या मुलांनी एकमेकांना देत राज्यभर नेल्या. निखिलने तो नागपूरला मामाच्या आयटीआयमध्ये खेळला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात होता.

मूळ कोडच्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. चालणारा खेळ उरला होता तो फक्त सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवर, आणि त्यावरून तुषारला सगळं उलटं उलगडत न्यायचं होतं. म्हणून सर त्या मंगळवारी तो कॉम्प्युटर गोणपाटात बांधून एसटीने घेऊन आले. "आठ दिवसांत परत पाठवते, सर," मी म्हणाले आणि यादीतला पहिला आयटम लिहिला.

सरांनी करारातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तपासणार कोण?"

निखिलने माझ्याकडे बोट केलं. "आमच्या शैलाताई. त्यांच्या यादीतून मुंगीही जात नाही, सर."

"एकेक घर तपासणार?"

"एकेक," मी म्हणाले. "खूण करून, तारीख घालून."

सरांचा चेहरा खुलला. "मग मला काळजी न्हाई. आमच्या वर्गात असंच होतं. पोरानं वायरिंग केलं की मी टेस्टर लावायचो, रजिस्टरात सही करायचो. सही न्हाई तर मेन स्विच बंद."

त्या दिवशी मला फार भारी वाटलं. माझ्या जातकुळीचा माणूस भेटला म्हणून.

दीड महिन्यात तुषारने खेळ चालता केला. मी तपासणीला बसले. एक ते एकोणीस घरं मी इमानदारीने सोडवली. विसाव्या घरात जिना आला आणि मी दीड दिवस त्या जिन्यात बसून राहिले. वरचं बटण दाबलं की खालचा दिवा जाई, खालचं दाबलं की दोन्ही जात.

तुषारने स्वतःच्या सोयीसाठी एक युक्ती ठेवली होती. तीन बटणं एकदम दाबली की घर आपोआप उजळे आणि पुढचं उघडे. दिवे नीट दिसतात का, रंग बरोबर आहेत का, पुढचं घर उघडतं का, एवढं त्यातून कळायचं. मी स्वतःशी म्हटलं, शैला, तुझं काम खेळ तपासणं आहे, खेळणं नव्हे. आणि ११ ऑगस्टला एका दुपारात वीस ते चौसष्ट घरं उरकली. पंचेचाळीस खुणा, पंचेचाळीस तारखा. मधे चहासुद्धा घेतला.

त्याच यादीत आयटम एकतीस. विसाव्या घरातल्या दीड दिवसात माझे इतके फ्यूज उडाले होते की एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. भार जास्त झाला तरी फ्यूज लगेच उडत नव्हता. आधी लाल व्हायचा, दोनेक सेकंद तसाच राहायचा, मग उडायचा. मी लिहिलं: "फ्यूज उशिरा उडतो. दुरुस्त करावा."

तुषार म्हणाला, "मॅडम, सरांच्या मशीनवर पण असाच उडतो. मी मुद्दाम तेवढाच वेग ठेवलाय."

"जुन्यात चुका नसतात का? भार जास्त तर उडायला हवा. घरी काय आधी विचार करून उडतो?"

"सरांना एकदा विचारू या?"

"एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास?"

तुषारने दुरुस्त केलं. मी खूण केली.

त्या दिवाळीत सीडी निघाली. आयटीआय, कॉम्प्युटर क्लास आणि पोस्टाने मागवणारे यांच्यात ती बरी गेली. पेढे आले, त्यांचीही नोंद आहे. जानेवारीपासून पत्रं यायला लागली. सगळी एकाच घराबद्दल. एक्केचाळीस सुटत नाही, मोटार सुरू करायला गेलं की फ्यूज उडतो. मी एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य आज लिहितानाही कान गरम होतात: "आपल्या चिकाटीचे कौतुक वाटते. थोडा वेगळा विचार केल्यास उत्तर सोपे आहे." हे लिहिणारी बाई विसाव्या घराच्या जिन्यातून अजून उतरायची होती.

फेब्रुवारीत सरांचा फोन आला. त्यांचे जुने विद्यार्थी, आता चांगले वायरमन झालेले, त्यांना फोन करत होते. सरांनी त्यांना आपल्या वहीतलं उत्तर सांगितलं. त्यांनी तसंच केलं. फ्यूज उडाला.

"मॅडम, एक्केचाळीस तुमी सोडवलंय ना?"

मी यादी उघडली. "हो सर. अकरा ऑगस्टला."

"स्वतः?"

"खूण आहे ना, सर."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "मग माझ्याच वहीत कायतरी चुकलंय. बघतो." फोन ठेवला. मी वहीत लिहिलं, "साळवे सर, फोन, शंकानिरसन झाले." आणि त्यापुढेही खूण केली.

आता यातलं गणित बघा. आमच्या यादीप्रमाणे घर सुटत होतं. सरांच्या वहीतल्या उत्तराने सुटत नव्हतं. म्हणजे एक तर वही चुकीची, नाही तर उत्तर दुसरंच होतं आणि सर ते विसरले. खात्री करायला त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तो आठ दिवसांसाठी आमच्याकडे होता, आणि त्यावर मी पत्रांचा ट्रे ठेवला होता.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. सरांच्या पत्नी. तोवर त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"मॅडम, तुमी त्यांना ते उत्तर सांगून टाका बाई. महिना झाला, वही घेऊन बसत्यात. जेवायला हाक मारली तर व्हय म्हणत्यात अन् उठत न्हाईत."

"अहो काकू, सरांना उत्तर माहीत आहे. त्यांचाच खेळ आहे."

"तेच तर! आपलंच लिहिलेलं आपल्याला कळंना म्हणत्यात. यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग पोरांची नावं. त्याच भीतीनं बसलेत. रविवारचा वर्ग बी बंद केला."

निवृत्त झाल्यावर सर दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये आसपासच्या गावांतल्या मुलामुलींना फुकट वायरिंग शिकवत. काकू म्हणाल्या, "ज्याला आपलाच भार मोजता येईना, त्यानं पोरांना करंटजवळ नेऊ नये, म्हणाले. अन् हॉलची किल्ली देऊन आले."

फोन ठेवल्यावर मला खरं काय ते कळलं असं म्हणायला आवडलं असतं. कळलं नाही. मला वाटलं, कॉम्प्युटर परत दिला की सरांना विरंगुळा होईल. शिवाय यादीतला पहिला आयटम नऊ महिने उघडा होता, तो मला डाचत होता.

शनिवारी तुषारच्या मारुतीत कॉम्प्युटर घालून आम्ही घोटवड्याच्या रस्त्याने पौडला गेलो. काकू दारातच उभ्या. "आलं व्हय माहेराला गेलेलं! नऊ महिने झाले. बाळंतपण करून पाठवलंत का काय?"

सर आतून आले. माणूस निम्मा झाला होता. कॉटवर कागदच कागद, प्रत्येकावर तेच घर, तीच मोटार, बाजूला भाराची बेरीज. मला म्हणाले, "मॅडम, माझी बेरीज बरोबर येतीय. पण तुमच्या हितं सुटतंय म्हंजी बरोबर न्हाई. कुटं चुकतंय तेवढं दाखवा."

मला ते दाखवता येणार नव्हतं, म्हणून मी कॉम्प्युटर जोडायची घाई केली. जुनी मशीन कुरकुरत सुरू झाली. सर बसले. थेट एक्केचाळीसावं घर उघडून त्यांनी तारा ओढल्या, वहीत होत्या तशाच. तार पुरली. दिवे लागले. मग हात थांबला. त्यांनी मोटारीचं बटण दाबलं.

फ्यूज लाल झाला. एक सेकंद, दोन सेकंद लालच राहिला. मग मोटार फिरली, फ्यूज पुन्हा काळा झाला आणि टाकीत पाणी पडायला लागलं.

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसत राहिले. काकू म्हणाल्या, "बघा. डोकं जाग्यावर हाय का न्हाई?"

माझ्या मागे तुषार कुजबुजला, "मॅडम, आयटम एकतीस."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि तो पडताना सर माझ्याकडेच बघत होते. "मग तुमच्या सीडीत का न्हाई?"

मी सांगितलं. फ्यूजला लागणारा वेळ मला चूक वाटली, तो मी काढायला लावला. सर हसलेच. "फ्यूज तापायला वेळ लागतो, मॅडम. तार हाय ती. मोटार सुरू होताना हिसका मारती, तिप्पट-चौपट ओढती, तेवढा हिसका तारेनं खायचा आसतो. हितल्या कुठल्या बी मळ्यात विचारा. त्यासाठीच तर ते दोन सेकंद मी घातले. मुलांना कळावं म्हणून."

"पण मग," ते हळूच म्हणाले, "अकरा ऑगस्टला तुमचं कसं सुटलं?"

इथे मी दोनदा पाणी मागितलं. मग तीन बटणांचं सांगितलं.

सरांचं हसू गेलं. "मी फोनवर इचारलं होतं. स्वतः का, म्हणून. तुमी खूण हाय म्हणालात."

"हो सर."

"मशीन चुकलं आसतं तर मी हसून सोडलं आसतं. तुमच्या सहीवर मी स्वतःला येडा ठरवत होतो, मॅडम. महिनाभर."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या पुढ्यात कप जरा जोरात ठेवला. तुषार बिस्किटाच्या पुड्यावरची छपाई वाचत होता.

"रविवारचा वर्ग परत सुरू करा, सर," मी म्हणाले.

"करतो. पयल्या दिवशी तुमी यायचं. हे सगळं मुलांना तुमच्या तोंडानं सांगायचं."

"येते."

"अन् चौसष्ट घरं माझ्यासमोर सोडवायची. स्वतःच्या हातानं. उत्तर मी सांगणार न्हाई."

सोमवारी मी निखिलला सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "काय बाप्पा शैलाताई! मुंगी नाही, हत्ती गेला." दुरुस्त सीडी सगळ्यांना फुकट पाठवायची ठरली. सोबतच्या पत्रात 'तांत्रिक कारणामुळे' लिही, असं त्याने सुचवलं. मी मसुदा केला, पण 'तांत्रिक' शब्दापाशी पेन पुढे जाईना. शेवटी लिहिलं की तपासणी करणाऱ्या व्यक्तीने घर न सोडवताच 'तपासले' अशी खूण केली होती, आणि ती व्यक्ती मी. ज्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं होतं त्या सगळ्यांना हाताने पत्ते घातले. बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. कासारसाईच्या एका शेतकऱ्याचं आलं: "सीडी मिळाली, मोटार सुरू झाली, आभार. आमच्या मळ्यातल्या मोटारीचाही फ्यूज फार उडतो, तिची सीडी निघाल्यास कळवावे."

वर्ग पुन्हा सुरू झाला त्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये सतरा मुलंमुली होती. मी उभी राहून सांगितलं. सर खिडकीशी उभे होते. एका मुलीने विचारलं, "मग तुमाला कामावरून काढलं न्हाई?" मी म्हटलं, नाही. "का बरं?" याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सरांनी मग फळ्यावर मोटार काढली आणि तासभर असे बोलले की मध्ये कोणी खोकलं नाही.

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी पौडला जाते. सरांनी एक रजिस्टर आखून दिलं आहे. घराचा क्रमांक, तारीख, सोडवणाऱ्याची सही, शिक्षकाची सही. खुणेचा रकानाच नाही. विसाव्या घराला मला तीन रविवार लागले. एक्केचाळीसावं एका बैठकीत सुटलं, कारण त्याचं उत्तर मला आयुष्यभर विसरणं शक्य नाही. पण सरांनी ते मोजलं नाही. मोटार दुसऱ्या कोपऱ्यात हलवली आणि म्हणाले, "आता सोडवा."

निखिलची कंपनी मागच्या वर्षी बंद झाली. तो मोबाइलच्या खेळांकडे वळला, तुषार बंगलोरला गेला. मी हिंजवडीतच दुसरीकडे तपासणी करते. तिथे माझ्या हाताखालच्या मुली मला हळू म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. सरांना आता बारीक दिसत नाही, म्हणून मी तार कुठून कुठे नेली ते मोठ्याने सांगायचं, त्यांनी ऐकायचं, आणि मग सही. सही मात्र अजून रेघेवरच येते.

अठ्ठावन्न सह्या झाल्या आहेत. एकोणसाठाव्या घरात दोन मोटारी, दोन मजले आणि एक जिना आहे. गेल्या रविवारी चौथ्यांदा बसले होते. खालची मोटार चालते, जिना चालतो, माळ्यावरच्या दिव्यापर्यंत पोचायला तार दीड मीटर कमी पडते.